कान्हेरीची माकडं आणि वसंताचा डबा

कान्हेरीला जायचा बेत असेल तर सकाळी लवकर निघा, असं सगळेच सांगतात. मी पन्नासच्या दशकात दोनदा गेलो, दोन्ही वेळा वसंताबरोबर. वसंता माझा घाटकोपरचा शेजारी, शाळेत विज्ञान शिकवायचा. चार वर्षं दर रविवारी तो तिथल्या लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी बघायला जायचा. कोण कुणाच्या उवा काढतं, कुणाचं पिल्लू कोण सांभाळतं, सगळं वहीत. मला ते खूळ वाटायचं. पण दुसऱ्या खेपेला, एका जानेवारीत, तो म्हणाला, "चल रे, लंगडी व्याली असणार," आणि मी निघालो. लंगडी म्हणजे त्या टोळीतली एक पाय अधू असलेली माकडीण.

बोरिवलीला उतरून आधी पोटपूजा करायची, कारण पुढे काही मिळत नाही. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलातली भजी झकास. मागच्या खेपेला इथेच मी फुशारकी मारली होती. वसंता खडकावर डबा तीनदा वाजवून चणे टाकतो आणि अख्खी टोळी त्याच्या पायाशी येऊन बसते, असं शेजारच्या बाकावरच्या खाकी टोपीवाल्याला रंगवून सांगितलं. त्याने मला चहा पाजला, जागाही नीट विचारून घेतली. वसंता तेव्हा हात धुवायला गेला होता.

टांगेवाला जंगलाच्या तोंडाशी सोडतो. पुढे दीड-दोन तास पायपीट. लेण्यांतल्या टाक्यांचं पाणी मात्र गार. वसंता नेहमीच्या खडकावर बसला, डबा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला.

मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबली. "कशाला वाजवता, मास्तर? परवाच नेली ना सगळी. तुमच्या माणसाने."

"माझ्या माणसाने?"

"खाकी टोपीवाला. असाच डबा वाजवला, चणे टाकले, जाळं ओढलं. आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवलाय. विलायतेला धाडणार म्हणाला."

तेव्हा पोलिओची लस बनवायला माकडं परदेशी जात. त्या लसीने पोरं वाचली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाकी टोपी ऐकताच मी वसंताकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात उंबराच्या शेंड्याला लंगडी दिसली, पोटाशी पिल्लू. वसंताचा चेहरा उजळला. त्याने हळूच डबा वाजवला. ती किंचाळली आणि पिल्लासकट रानात पसार झाली. वसंताने वही काढून वेळ टिपली.

परतताना तो एकदाच बोलला. "त्याला डब्याचं कसं कळलं असेल रे?"

"कुणी लांबून पाहिलं असेल," मी म्हणालो.

पुन्हा तो कान्हेरीला गेला नाही. तो वारल्यावर त्याच्या बायकोने वह्या मला दिल्या. वाचता वाचता ती माकडं माझ्या ओळखीची झाली, फार उशिरा. शेवटच्या पानावर लंगडीच्या नोंदीखाली त्याने लिहिलंय, "चूक माझी. माणसावर विश्वास ठेवायची सवय मी लावली."

चूक त्याची नव्हती, हे सांगायला माझ्याकडे तीस वर्षं होती. आम्ही रोज संध्याकाळी एकत्र चहा प्यायचो.