करपलेल्या दुधाची कॉफी

आज फिल्टरमधून कॉफीचा दाट वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचं अंबरनाथचं घर आठवलं. शेजारच्या अम्मांकडून फिल्टर कॉफी शिकून मी पहिला कप केमिकल कंपनीतून आलेल्या बाबांना दिला.

"मस्त झालीय," ते म्हणाले. मी घोट घेतला, तर दूध पार करपलेलं.

"खोटं कशाला बोलता, बाबा?" मी चिडले. ते खाली बघत पीत राहिले.

आई हळूच म्हणाली, "त्यांना वासच येत नाही गं, वर्ष झालं. कंपनीत कळलं तर घरी बसवतील."

मग मीही कुणाला सांगितलं नाही. सहा वर्षांनी त्यांची फुफ्फुसं निकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आधी काहीच जाणवलं नव्हतं?"

आई आणि मी, दोघीही म्हणालो, "नाही."