सिग्नल गेला की ट्रकनं काय करायचं

विनोदनं रिमोट बंद केला आणि फरशीवर गप उभा असलेला ट्रक सुटला.

‘सुटला’ हाच शब्द. आधी आवाज आला, मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिल्यावर येतो तसा. मग डोळ्यांसमोरून काहीतरी काळं गेलं. दुकानाच्या दारात स्टुलावर विनोदची आई बसली होती. तिच्या पावलाशेजारून ट्रक गेला, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर आदळला आणि उलटा पडला. उलटा पडूनही त्याची चाकं पूर्ण वेगात फिरतच होती.

सेटिंगसाठी वरची बॉडी काढून ठेवली होती म्हणून बरं. मी खाली वाकले, दोन बोटांत बॅटरीचा प्लग धरला आणि ओढला. चाकं थांबली.

“अगं माय,” म्हातारी म्हणाली, “हे खेळणं हाय का रेडा?”

विनोद हातातल्या रिमोटकडे बघत होता. “ताई, म्या तर बंद केला,” तो म्हणाला. “बंद केल्यावर पळतंय कसं?”

पंधरा-सोळा वर्षं मी रिमोटवर चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करते. तरी त्या क्षणी डोकं कोरं होतं. दिसत होता तो फक्त कपाटाच्या पत्र्याला पडलेला पोचा. मुठीएवढा.

माझं वसमतला दुकान आहे. पूर्वी टीव्ही आणि इन्व्हर्टर यायचे, आता जास्त करून फवारणीचे ड्रोन येतात. विनोद राठोड त्यातूनच ओळखीचा झाला. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर त्याची हळद आणि केळी आहे. ड्रोन तो फार सफाईनं उडवतो. त्याच बोटांना मागच्या वर्षी हा नवा नाद लागला. त्याची आई, जिला तो याडी म्हणतो, त्या दिवशी डोळे तपासायला वसमतला आली होती. डॉक्टरकडे नंबर लागायला वेळ होता म्हणून दुकानात टेकली होती.

हा ट्रक म्हणजे जत्रेतलं खेळणं नाही. याला शॉर्ट कोर्स ट्रक म्हणतात. परदेशात मातीच्या ट्रॅकवर खरे ट्रक शर्यतीत पळतात, त्यांची ही दहाव्या हिश्शाची प्रतिकृती. चाकं बॉडीच्या आत झाकलेली, त्यामुळे एकमेकांना घासूनही ट्रक लगेच उलटत नाहीत. वजन अडीच-तीन किलो. आणि वेग? मोटरसायकलला सरळ रस्त्यावर मागे टाकेल एवढा. तीन किलोचा दगड मोटरसायकलच्या वेगानं नडगीवर बसला तर काय होईल, एवढा विचार केला की पुरे.

दुसऱ्या दिवशी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला अशा ट्रकांची शर्यत होती. विनोदची तक्रार वेगळीच होती: “उडी मारल्यावर गाडी बेडकावानी टुणटुण करून राहिली, ताई.” ते काम सोपं होतं. या ट्रकच्या शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल असतं. आपल्याकडे उन्हाचा कडाका पडला की तेल पातळ होतं आणि स्प्रिंगला कुणी आवरत नाही. मी चारही शॉकअप खोलून जाड तेल भरलं. पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी खाली घेतली, म्हणजे वळणावर पुढची चाकं माती धरतात. मोटर आणि चाकांच्या मध्ये एक क्लच असतो, उडीनंतर बसणारा झटका तो खातो. तो थोडा सैल केला. सगळं मनासारखं झालं होतं. सेल वाचवायचे म्हणून विनोदनं रिमोट बंद केला, आणि पुढचं सांगितलंच आहे.

याडीला पाणी दिलं. मग ट्रक एका डब्यावर ठेवला, चाकं हवेत. रिमोट चालू केला, बॅटरी जोडली. रिमोटचा पिस्तुलासारखा ट्रिगर दाबला, पुढे. ढकलला, ब्रेक. अगदी बरोबर. मग रिमोट बंद केला. चाकांची तीच किंचाळी.

आता कळलं.

ट्रकच्या आत रिसीव्हर असतो, रिमोटचं म्हणणं ऐकणारी काडेपेटीएवढी डबी. रिमोटचा सिग्नल तुटला तर काय करायचं, हे तिला आधी शिकवून ठेवावं लागतं. याला फेलसेफ म्हणतात. ब्रेक धरायचा आणि एक बटण दाबायचं, की डबी ती जागा लक्षात ठेवते. विनोदनं ते केलं होतं. पण त्यानंतर ट्रिगर दाबला की ट्रक मागे जायला लागला, म्हणून त्यानं रिमोटवरचं दिशा बदलायचं बटण दाबलं. हातातलं सगळं सरळ झालं. डबीला मात्र हे कुणी सांगितलंच नाही. तिच्या डोक्यात जुनीच जागा होती, आणि त्या जागेचा नवा अर्थ होता पूर्ण वेग.

रिमोट चालू आहे तोवर हे दिसत नाही. नियमानं आधी ट्रक बंद करून मग रिमोट बंद करणाऱ्यालाही दिसत नाही. दिसतं ते फक्त सिग्नल जातो तेव्हा.

“तुला हे असं कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“एजाजभाईनं ग्रुपवर व्हिडिओ टाकला व्हता. त्यात दाखवलं तसंच केलं. आमी समद्यांनी तसंच केलं.”

“समद्यांनी म्हणजे?”

“उद्या येणाऱ्या समद्यांनी, ताई.”

मी खुर्चीवर बसले.

एजाजभाईंचं गोरेगावला हार्डवेअरचं दुकान. शर्यतीची कल्पना त्यांची, ट्रॅक त्यांनी जेसीबी लावून बनवलेला. मी लगेच फोन लावला. माणूस भला, पण हसायला लागला.

“मॅडम, आमच्या गाड्या हप्ताभर पळून राहिल्या. एक बी तक्रार न्हाई.”

“रिमोट चालू असताना पळाल्या. गाडी चालू ठेवून रिमोट बंद करून बघितला का?”

“रिमोट बंद केल्यावर गाडी कशी पळंल?”

“आज माझ्या दुकानात पळाली.”

“विनोदनं कायतरी तार उलटी लावली आसंल. तुमी या उद्या, पाव्हण्या म्हणून या.” मागून कुणीतरी मंडपाच्या बांबूंचं विचारत होतं. फोन बंद झाला.

सकाळी विनोदच्या पिकअपमधून निघालो. हिंगोली मागे पडेपर्यंत तो बोलत होता, पुढे गप्प झाला. शर्यत बंद पडली तर मित्र आपल्यालाच धरतील, ही त्याची भीती. माझी भीती वेगळी होती.

मैदान बघितलं आणि ती भीती खरी ठरली. गोरेगावच्या बाहेर मुरमाड माळ, त्यावर वळणावळणाचा ट्रॅक, मध्ये दोन उंच उड्या. दुसऱ्या उडीनंतर लांब सरळ पट्टा. तिथून गाड्या थेट समोर येताना दिसतात, म्हणून सगळं गाव त्या पट्ट्याच्या टोकाला येऊन बसलं होतं. सतरंज्यांवर बाया, त्यांच्या मांडीवर लेकरं. पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं. लोक आणि ट्रॅक यांच्यामध्ये एक सुतळी. तिला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या.

एजाजभाई पांढऱ्या शर्टात, गळ्यात शिट्टी. मी सांगायला लागले. त्यांनी हात जोडले.

“मॅडम, पब्लिक येऊन बसली. आता मी काय सांगू त्यास्नी?”

“काही सांगू नका. तुमची गाडी त्या तेलाच्या डब्यावर ठेवा. चाकं हवेत राहू द्या. आणि रिमोट बंद करा. एवढंच.”

“आन् काही न्हाई झालं तर?”

“तर मी सगळ्यांसमोर माफी मागते आणि घरी जाते.”

त्यांनी मान हलवली, लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशी. गाडी डब्यावर ठेवली. ट्रिगर दाबून दाखवला, ब्रेक दाखवला. “बघा, बराबर हाय.” आणि रिमोट बंद केला.

चाकं किंचाळली. या ट्रकचे टायर आतून पोकळ असतात, फार वेगात फिरले की फुगून पातळ थाळीसारखे होतात. ते तसे झाले. डबा थरथरून सरकायला लागला. एजाजभाई जागचे हलेनात. विनोदनं पुढे होऊन प्लग काढला.

एजाजभाईंनी आधी ट्रककडे बघितलं. मग रिमोटच्या विझलेल्या दिव्याकडे. मग हळूहळू मान वळवून सरळ पट्ट्याच्या टोकाकडे बघितलं. तिथं पहिल्या खुर्चीवर त्यांचे वडील बसले होते, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून.

“हप्ताभर मी रोज इथं गाडी पळवली,” ते म्हणाले. “अब्बा रोज तिथंच बसून राहतेत. त्याच जागेवर.”

ते डब्याशेजारी मातीतच बसले. पांढऱ्या शर्टाचं त्यांना भान नव्हतं.

बाकीचे ड्रायव्हर जमा झाले होते. सुरुवातीला कुणी हसत होतं. मग एकेकानं आपला ट्रक डब्यावर ठेवला. दुसरा किंचाळला. तिसरा गप राहिला. चौथा किंचाळला, पाचवाही. दरवेळी रिमोट बंद करताना माणूस डोळे मिटून घ्यायचा. निम्म्याहून जास्त ट्रक तसे निघाले. मी तयारीनं गेले होते, तरी एवढी अपेक्षा माझीही नव्हती. एखादा निघेल, फार तर दोन. लांबून मंडपातलं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

एजाजभाई उठले, तोंडावर पाणी मारलं आणि माईक हातात घेतला. “शर्यत उशिरा हुईल. काहून हुईल ते इचारू नका. समदे तिथून उठा आन् बांधाच्या वर जाऊन बसा.”

कुरकुर झाली. सतरंज्या उचलल्या गेल्या. म्हाताऱ्यांनी मात्र खुर्च्या थोड्या मागे घेतल्या आणि तिथंच बसले. एजाजभाईंनी वडिलांना विनवलं. “मला वरून दिसत न्हाई,” एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला. शेवटी त्यांच्यापुढे मातीनं भरलेल्या पोत्यांची रांग लावली.

दुरुस्ती मिनिटभराची. ब्रेक धरा, बटण दाबा, रिमोट बंद करून बघा. प्रत्येकाला मी स्वतःच्या हातानं करायला लावलं. एका रिसीव्हरमध्ये मात्र ही सोयच नव्हती. सिग्नल तुटला की तो शेवटचा हुकूम तसाच चालू ठेवायचा. मालक रिसोडहून आला होता.

“एवढ्या लांबून येऊन मी बसून राहू का?” तो माझ्यावर चिडला. “माझा सिग्नल कधीच तुटत नाही.”

उत्तर एजाजभाईंनी दिलं. “भाऊ, तू माझ्याकडं जेवण कर, माझी गाडी घे, माझ्या जागेवर पळव. तुझी गाडी न्हाई पळणार.”

त्यानं खरंच एजाजभाईंची गाडी घेतली. तिसरा आला.

ऊन चढल्यावर शर्यत सुरू झाली. विनोदचा ट्रक सुंदर चालला. उडीवरून उतरला की मातीला चिकटायचा. अंतिम फेरीत तो दुसरा होता आणि पहिल्याच्या अगदी मागे. शेवटच्या चकरीत दुसऱ्या उडीवर दोघं एकदम हवेत गेले. हवेतच एकाचं चाक दुसऱ्याच्या बॉडीत अडकलं. विनोदचा ट्रक एक कोलांटी घेऊन चाकांवर उतरला आणि सरळ पट्ट्यावर सुसाट निघाला. समोर पोत्यांची रांग, मागे खुर्च्या.

“ताई!” विनोद ओरडला. “ऐकून न्हाई राहिला! गाडी ऐकून न्हाई राहिली!”

एजाजभाई वडिलांकडे धावत होते, पण ते फार लांब होते.

ट्रकची चाकं जाम झाली. तो तिरका घसरत गेला, धुरळा उडाला, आणि पोत्यांच्या अलीकडे तो गप उभा राहिला.

मग बांधावरून हशा उठला. “बंद पडली रे!” कुणीतरी ओरडलं. “वसमतच्या बाईनं बनवलेली गाडी बंद पडली!” शिट्ट्या झाल्या. बाकीच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. विनोद शेवटचा ठरला.

मी ट्रक उचलला, बॉडी काढली. रिसीव्हरची अँटेना, केसाएवढी बारीक तार, मुळातून तुटली होती. डबीला काहीच ऐकू येत नव्हतं. सिग्नल गेल्याची खात्री करायला ती क्षणभर घेते, तेवढ्यात ट्रक पळाला होता. मग तिनं शिकवलेलं केलं, ब्रेक धरला.

एजाजभाई धापा टाकत आले. मी ती तार त्यांना दाखवली. त्यांनी ती बोटांत धरली, पोत्यांकडे बघितलं आणि पुन्हा तारेकडे. “ही काल तुटली असती तर,” ते म्हणाले आणि थांबले. त्यांचे वडील खुर्चीतून मोठ्यानं विचारत होते, “कौन जीता? अरे, कोई बतावो!”

परतीच्या वाटेवर विनोद सेनगावपर्यंत फुगून बसला होता. मग म्हणाला, “दुसरा आलो आसतो, ताई.” मी म्हटलं, “आला असतास.” खोटं कशाला बोलायचं?

आमच्या कामाचं हे असंच आहे. ते नीट झालं की बघणाऱ्याला वस्तू बंद पडल्यासारखी दिसते, आणि शिट्ट्या ऐकाव्या लागतात. त्याची सवय करून घ्यावी. मी एक सवय मात्र नवी लावून घेतली आहे. रिमोटवर चालणारी कुठलीही वस्तू दुकानात आली, की ती चालते कशी हे मी नंतर बघते. आधी चाकं हवेत धरते आणि रिमोट बंद करते.