क्रुसावरचं नाव

ताबेर्नासच्या उजाड माळावर विर्तुदेस इतक्या वेळा मेली, की तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या काउबॉयच्या सिनेमावाल्यांची रीतच मुळी तशी! सुरुवातीलाच बायको मारून टाकायची, म्हणजे नवरा पुढे सिनेमाभर बंदुका झाडायला मोकळा. त्या बायकोला ना नाव, ना बोलणं. विर्तुदेसनं तिच्या जागी दारात उभं राहायचं, गोळी खायची आणि डोळे उघडे ठेवून पडायचं.

एकदा थडग्यावरच्या क्रुसासाठी नाव हवं होतं. कथेत कुठे सापडेना. सिनेमावाल्यांचा सुतार एलादियो विर्तुदेसच्याच गावचा.

"तुझंच घालू का गं?"

"घाल की मेल्या! मरून तरी पडद्यावर नाव दिसेल."

एलादियोनं तिचं पूर्ण नाव कोरलं, आईबापांच्या दोन्ही आडनावांसकट. शूटिंग संपलं, मंडळी गेली, क्रूस मात्र माळावरच राहिला.

उन्हाळ्यात तो सिनेमा गावात लागला. विर्तुदेसची म्हातारी आई कासिल्दा अलीकडे विसरायला लागली होती. तिनं लेकीला पडताना पाहिलं, क्रुसावरची दोन्ही आडनावं वाचली आणि घरी येऊन काळे कपडे चढवले. विर्तुदेस पोट धरून हसली. आई हसली नाही.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. त्या दिवशी गावात एकही थडगं दिव्याविना ठेवत नाहीत. दुपारी आई घरात दिसेना, तेव्हा विर्तुदेसला तो क्रूस आठवला. ती धावतच माळावर गेली.

सिनेमावाल्यांनी क्रूस सपाट जमिनीत रोवला होता. आता तिथे माणसाच्या लांबीचा उंचवटा होता. कडेच्या दगडांना चुना फासलेला, शेजारणींची फुलं वाहिलेली. आई दिव्यात तेल घालत होती.

"आई, अगं चल घरी! मी आहे ना इथे, जिवंत!"

"अशी थट्टा करू नये हो बाई, मेलेल्या माणसापाशी," आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही ओळखत होतात का माझ्या लेकीला?"

विर्तुदेसला रडूच कोसळलं. आईचा हात धरायला ती पुढे झाली. आईनं हात मागे घेतला.

"होतात का तिथे? कशी गेली ती?"

"दारात उभी होती," विर्तुदेस कशीबशी म्हणाली. "घोड्यावरून एकजण आला. त्यानं गोळी झाडली."

"आणि ती काय म्हणाली?"

"काहीच नाही."

"छे! मग ती माझी विर्तुदेस नव्हेच," आई म्हणाली. "तिनं ओरडून गाव गोळा केला असता."

आणि तरीही तिनं वाकून दिव्याची वात पुढे सारली.