बाथरूममधली बरणी

बाजारात तिला सगळे वहिनी म्हणतात. गाळा आधी दिराचा होता, तेव्हापासूनचं हे. दीर धंदा सोडून दुसरीकडे गेला, वहिनी राहिली. आता तिच्याहून वयाने मोठी माणसंही वहिनीच म्हणतात.

तिचं काम मासे कापायचं. मुशी, म्हणजे लहान शार्क, आणि पाकट तर हमखास तिच्याच टेबलावर येतात, कारण बाकीच्या बायका त्यांना कंटाळतात. मुशीची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. हात उलटा फिरला की सालटं निघतात. डोक्यामागे चीर द्यायची आणि कातडी शेपटीपर्यंत एका दमात ओढायची, हे वहिनीला इतकं सवयीचं की ती त्याच वेळी शेजारणीशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलू शकते. काही जातींच्या मुशींच्या पोटात अंडी सापडतात. अंडी म्हणजे बोटभर लांबीची पाकिटंच, शिंगाच्या रंगाची, चारी कोपऱ्यांना वेलीच्या तणाव्यांसारखे पीळदार धागे असलेली. आतड्यांबरोबर ती घाणीच्या पिंपात जायची. ठेवून करायचं काय?

मग समुद्रजीव केंद्रातली ती मुलगी यायला लागली. दर गुरुवारी झाकणाच्या बरण्या घेऊन यायची, म्हणून बायकांनी तिचं नाव बरणीवाली ठेवलं. तिचं म्हणणं एवढंच, की आई मेलेली असली तरी पाकीट घट्ट झालेलं असेल तर आतलं पिल्लू वाढतं. फेकू नका, खाऱ्या पाण्यात ठेवा, आम्ही वाढवून समुद्रात सोडू. बायका हसल्या. वहिनीही हसली. पण एकदा बरणीवालीने तिला केंद्रात नेऊन एक पाकीट दिव्यासमोर धरलं, आणि आत दोऱ्याएवढं काहीतरी अंग वळवताना दिसलं. वहिनी बराच वेळ बघत राहिली.

"हे तर जागं आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून तिच्या टेबलाखाली बरणी असायची. शेजारणींना विषय मिळाला.

"वहिनी, कितवा महिना?"

"तुझ्या नवऱ्याला विचार," वहिनी मान वर न करता म्हणायची.

एका सोमवारी मोठ्या ठिपक्यांची मुशी टेबलावर आली. ही जात आता जाळ्यात दिसेनाशीच झाली होती. बरणीवालीने तिचा फोटो गाळ्याच्या खांबाला चिकटवून ठेवला होता. पोटात दोन पाकिटं निघाली, दोन्ही घट्ट. वहिनीने फोन केला. बरणीवाली दुसऱ्या बंदरावर होती, गुरुवारशिवाय येणं शक्य नव्हतं. बाजार धुणारे लोक रात्री टेबलाखालचं सगळं उपसून टाकतात, म्हणून वहिनी बरणी घरी घेऊन गेली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात समुद्राच्या पाण्याचा कॅन. घरात सगळ्यात थंड जागा बाथरूमची. कपड्यांच्या टबामागे तिने बरणी ठेवली आणि बुडबुडे सोडणारा छोटा पंप लावला.

सासूबाईंनी दारातूनच पाहिलं. "आता हे घरात?"

"गुरुवारपर्यंत, आई."

"दिवसभर त्या वासात असतेस ते पुरत नाही का? आणि मी अंघोळ कशी करायची? बघत बसतील माझ्याकडे."

"डोळे उघडले नाहीत त्यांनी अजून."

"मग उघडायच्या आत ने."

सत्तावीस वर्षं दोघींचं असंच चाललं होतं. वहिनीचा नवरा बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. या दोघी बोलायला लागल्या की त्याला गॅलरीतल्या कुंड्यांची आठवण व्हायची.

बुधवारी संध्याकाळी वहिनी घरी आली आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेली. बरणी लखलखत होती. काच घासलेली, पाणी निवळशंख, पाकिटं तळाशी शेजारीशेजारी नीट मांडलेली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

"बघितलंस का?" बाहेरून सासूबाईंचा आवाज. "किती गढूळलं होतं ते. सकाळीच बदललं. फिल्टरचं घातलंय, आपण पितो ते. असल्या घाणीत कशी वाढायची पोरं?"

वहिनीने कॅनमधलं खारं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि पाकिटं त्यात सोडली. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टिकत नाही, हे सासूबाईंना कोण सांगणार होतं? सांगितलं होतं का कुणी? तोंडापर्यंत खूप काही आलं. उतू गेलेलं दूध, आटलेली विजार, नवऱ्याचं दुखणं, घरात जे जे बिघडलं ते इतकी वर्षं तिच्याच नावावर पडलं होतं. आज पहिल्यांदा उलटं झालं होतं. बाहेर म्हातारी कौतुकाची वाट बघत बसली होती.

"छान घासलीत बरणी," वहिनी म्हणाली, आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

गुरुवारी बरणीवाली थेट घरीच आली. वहिनीने तिला दारातच गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, चूक झाली माझ्याकडून. काल दिवसभर साध्या पाण्यात होती. माझं लक्षच नव्हतं."

बरणीवालीचा चेहरा उतरला. "दिवसभर?"

आतून काठीचा आवाज आला. सासूबाई दरवाज्याशी येऊन उभ्या राहिल्या. कान अजून शाबूत होते त्यांचे.

"हिने नाही, मी बदललं पाणी," त्या म्हणाल्या. "हिला कुठे एवढं सुचतंय? साधं पाणी चालत नाही का त्यांना?"

वहिनीने आतून भांडं आणून बरणीवालीच्या हातात दिलं.

"मेली का मग?"

"इतक्यात कळत नाही, आजी," बरणीवाली म्हणाली. "पाकिटं नवी आहेत, अजून उघडलेली नाहीत. थोडं वाचवतात ती. आत पिल्लू दिसायला काही आठवडे लागतील."

सासूबाई आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, पोट बरं नाही म्हणाल्या. पुढे रोज वहिनी घरात शिरली की विचारायच्या, "आला का फोन?" वहिनी नाही म्हणायची आणि चहा टाकायची. आता दोन कप टाकायची, एक सासूबाईंसाठी, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. पण तो शहाणा, कुंड्यांना पाणी घालायला गेला.

फोन आला तेव्हा सासूबाईंनी स्वतःच पायात चपला घातल्या. वाकलेल्या पाठीने, वहिनीचा दंड धरून त्या केंद्राच्या पायऱ्या चढल्या. बरणीवालीने दिवा लावला आणि पाकीट त्याच्यासमोर धरलं. आत काहीतरी वळलं, थांबलं, पुन्हा वळलं. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"आणि दुसरं?"

बरणीवालीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला फोनवरच कळलं होतं. तेही जगलंय म्हणणं सोपं होतं. टाक्यांमध्ये पाकिटं खूप होती, कुठलंही दाखवता आलं असतं.

"दुसरं नाही जगलं, आई," वहिनी म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. दिव्यासमोरचं पाकीट पाण्यात परत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

परतीच्या बसमध्ये वहिनीने त्यांना खिडकीशी बसवलं.

"तू मला सांगून जायला हवं होतंस," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी काहीही घरात आणलंस की आधी मला सांगायचं. खारं का गोडं, थंड का गरम. सगळं."

"सांगेन."

"नुसतं सांगेन नको. आणशील ना परत?"

"सापडलं तर आणेन, आई," वहिनी म्हणाली, आणि तिकिटासाठी पर्स उघडली.