त्याच्या तोंडातली कवळी

तो गेला त्या दिवशी मी त्याच्या घरी पोचलो आणि रडायचं सोडून त्याचे दात बघत बसलो. लोक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होते, पण माझा इलाज नव्हता. तेवीस वर्षं आम्ही दोघं एकाच खोलीत बसून लोकांच्या कवळ्या करत आलो. डॉक्टर माप पाठवणार, आम्ही साचा ओतून त्यावर दात बसवणार. आता तो निपचित पडला होता, ओठ जरासे उघडे होते, आणि आतली कवळी मी केलेली नव्हती.

सगळे त्याला बत्तीशी म्हणायचे. जगाला दात लावणारा हा माणूस पन्नाशीच्या आतच बोळका झाला, म्हणून पडलेलं नाव. सहा वर्षांपूर्वी मी त्याला बजावलं, तुझी कवळी मीच करणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. आणि केली.

माणूस मुलखाचा गोड. सकाळी आल्या आल्या फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांची विचारपूस करायचा, "काय आजोबा, झोप लागली का?" नवरा-बायकोचे साचे शेजारी ठेवू द्यायचा नाही, भांडतात म्हणे. मी चिडका. माझ्या हातून साचा फुटला की मी दिवसभर तोंड फुगवून बसायचो, आणि हा मुकाट्याने दुसरा ओतून ठेवायचा. वाद एकाच गोष्टीवर. मी दात सरळ रेषेत लावतो. तो पुढच्या दोन दातांशेजारचा डावा दात केसभर वळवायचा. म्हणायचा, "अरे, फूटपट्टी लावून कुणाला दात येतात का?"

त्या दिवशी त्याच्या तोंडातला डावा दात केसभर वळलेला होता. म्हणजे ही कवळी त्याने स्वतःच केलेली. मग माझी कुठे गेली? कामावर तर तो रोज माझीच लावून यायचा. दर शनिवारी मी ती त्याच्याकडून मागून घ्यायचो, पॉलिश करायचो, उजेडात धरून बघायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो. सुट्टीच्या दिवशी आम्ही भेटत नसू, आठवड्याचे सहा दिवस एकमेकांचं तोंड बघणं पुरे होतं. डोकं पार चक्रावून गेलं.

आठवडाभर कळ काढली आणि मग वहिनींना विचारलंच.

"भावजी, तुमची दुखायची त्यांना," त्या खाली बघत म्हणाल्या. "घरी आले की काढून ठेवायचे. दुसरी त्यांनी इथेच केली, स्वयंपाकघरात. मापाचा साचा मीच धरला होता त्यांच्या तोंडात. हसू आवरेना दोघांना."

"दुखायची? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला दुपारचं जेवण आठवलं. सहा वर्षं हा माझ्यासमोर चहात पाव बुडवून खात होता, आणि मी त्याला चिडवत होतो, दात असून तान्ह्या बाळासारखं काय खातोस म्हणून. तो म्हणायचा, पोटाला बरं असतं. घरी मात्र खारे दाणे खायचा, असं वहिनी सांगत होत्या.

"अहो, पण कानस त्याच्याच टेबलावर होती. जराशी घासायची होती."

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणाले, शनिवारी त्याच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत ना, कशी बसली? हे झकास म्हणाले. तुमचा चेहरा असा काही खुलला म्हणे, की मग यांना बोलवेना."

मला त्याचा राग आला, खरं सांगतो. मेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. तेवीस वर्षांच्या दोस्तीत एवढं सांगायची सोय नव्हती? मी काय खाऊन टाकलं असतं त्याला? आणि मग वाटलं, हो, दोन दिवस तोंड फुगवून बसलोच असतो. त्याहून वाईट म्हणजे मनात आलं, याला दुखत होतं तर बाकीच्यांचं काय? किती माणसं माझी कवळी डबीत ठेवून पाव बुडवून खात असतील? मला काम येतं की नाही, हेच कळेना. हे ज्याला विचारलं असतं, त्यानेच सहा वर्षं खोटं सांगितलेलं.

वहिनींनी माझी कवळी एका डबीत घालून परत दिली.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो, दिवा जवळ ओढला, आणि आतल्या बाजूने करंगळी फिरवली. उजवीकडे, मागच्या दाढेखाली, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. दर शनिवारी मी बाहेरून चकाकी बघत होतो, आत बोट घालायचं मला सुचलं नाही. बाकी कवळी चांगली होती, अगदी चांगली. त्याची कानस घेतली आणि उंचवटा घासून काढला. दोन मिनिटं लागली.

मग धुतली, पुसली, आणि समोरच्या टेबलाकडे पुढे केली. म्हटलं, "घे रे, आता घालून बघ. आणि खरं सांग."