सरांचा डावा हात

“बाई, तो हात तुमच्यासाठी होता. फक्त तुमच्यासाठी,” मेनेझिस सर म्हणत होते.

“तेच म्हणते मी. म्हणून तर जोरात वाजवलं,” मी म्हणाले.

परळच्या एका हॉलमागच्या खोलीत आमची अशी जुंपली होती. बाकीचे वादक व्हायोलिनं पेटीत घालायला उगाच वेळ लावत होते. भांडण कोणाला आवडत नाही?

ही फजिती मीच सांगते. दुसरा कोणी सांगेल तर मीठमसाला कमी घालेल.

सर गोव्याचे. गिरगावात आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवायचे, स्वतःचा ऑर्केस्ट्रा बांधलेला. मला कोणी शिकवलं नाही. वरची शिकवणी फळ्यांच्या फटींतून खाली यायची, ती ऐकून मांडी घालून शिकले. नोटेशन वाचता येत नाही, पण एकदा ऐकलं की पाठ. एक वादक तापाने पडला, म्हणून सरांनी मला घेतलं.

परळच्या त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत दादरच्या एका शाळेचे हेडमास्तर होते. कार्यक्रम पसंत पडला, तर सरांना संगीत शिक्षकाची कायमची नोकरी.

तालमीत सर “बाई, हळू” असं तोंडाने ओरडायचे. कार्यक्रमात आमच्यासमोर काठी घेऊन उभे, पण तोंड बंद. नाजूक जागा आली आणि त्यांनी डावा पंजा माझ्याकडे उचलला. आता तुम्हीच सांगा, बैठकीत जागा आवडली की माणूस काय करतो? हात उचलतो. मी जोर लावला. पंजा आणखी वर.

शिवाय दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्चात पुढच्याने हात वर केला की मागच्यांनी आवाज चढवायचा, हे अंगात भिनलेलं. आमच्या चाळीच्या मोर्चात पुढे सरच असायचे, वळून वळून हात वर करत. मागे माझा गळा.

मी गज असा ओढला की शेजारचा खुर्चीसकट सरकला. सरांनी डोळे मिटून मान हलवली. मी धन्य झाले. शेवटी त्यांनी हातातली काठीच खाली ठेवली, सगळे थांबले. मला वाटलं, मैफल माझ्या हवाली केली. मनसोक्त ताना घेतल्या, तिहाई मारली आणि समोर पाहिलं. हेडमास्तरांची खुर्ची रिकामी. (नोकरी पुढे मिळाली त्यांना, म्हणून हसत सांगते.)

“हात वर म्हणजे हळू,” सर म्हणाले. “आणखी वर म्हणजे आणखी हळू.”

“आणि मान डोलावलीत ती?”

“‘सायबा, आता मला उचल’ असं देवाला म्हणत होतो.”

मी हरणारी नव्हे. पण मनात भलतंच काहीतरी टोचायला लागलं. ते विचारलं आणि भांडण तिथंच संपलं.

“मग सर, परवा मोर्चात माझ्याकडे वळून हात वर करत होतात, तेव्हासुद्धा मला गप्पच करत होतात का?”