शाळेत मौसी, घरी आई

ज्या बाईंनी पाटीवर माझ्याकडून पहिला श्री गिरवून घेतला, त्याच बाईंनी माझा केसानं गळा कापला. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं, कारण आमच्यात बाईंबद्दल असं कुणी बोलत नाही. झाशीत मराठी घरं मोजकी, आणि त्या सगळ्या घरांच्या त्या बाई. लक्ष्मी गेटजवळ त्यांची बालवाडी. मी तिथं शिकले, माझा भाऊ शिकला, आणि गेल्या वर्षी माझी लेकही तिथंच जायला लागली.

लेक आम्हा दोघींची. माझी जोडीदार मूळची नागपूरची. इथल्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आली आणि इथलीच झाली. मी बँकेत. दत्तकाच्या कागदांवर नाव फक्त तिचं आहे, कारण कायद्याला आम्ही जोडपं म्हणून दिसतच नाही. लेक तिला मम्मी म्हणते आणि मला आई. कागदोपत्री मी त्या पोरीची कुणीच नाही. माझ्याजवळ आहे तो एवढा एक शब्द.

प्रवेशाच्या दिवशी मी वकिलासारखी तयारी करून गेले होते. बाईंनी तोंड उघडूच दिलं नाही. फॉर्मवरचं ‘पिता का नाम’ त्यांनी आपल्या पेनानं खोडलं, तिथं ‘पालक’ लिहिलं आणि त्याखाली पुन्हा ‘पालक’.

“अगं, मला काय समजावतेस? तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून ओळखते तुला. इथं तुमच्या पोरीला कुणी वाकडा शब्द बोलणार नाही. मी बसलेय ना!”

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी स्कूटीवर बसून चांगली हुंदके देऊन रडले. जोडीदार पाच मिनिटं थांबली आणि म्हणाली, “रड, पण मागच्या सीटवर बसून रड. मला ऑफिसला उशीर होतोय.”

मग आम्ही त्या शाळेसाठी हौसेनं राबलो. बाहुल्यांच्या कोपऱ्यासाठी मी जुन्या साड्यांच्या बाहुल्या शिवल्या. एका घरात आजी आणि नातू, एकात एकटे बाबा, एकात दोघी जणी आणि त्यांची मुलगी. शिक्षिकांशी बोलायलाही बाईंनीच मला बसवलं. एकीनं विचारलं, “दीदी, बच्चे पूछें कि इसके पापा कहाँ हैं, तो क्या बोलें?” मी म्हटलं, “बोलिए, इसकी दो माँ हैं. बस.” आठवड्याच्या आत एका चिमुरडीनं विचारलंच. उत्तर ऐकून ती म्हणाली, “दो? फिर तो डाँट भी दो बार पड़ती होगी!” आणि पुन्हा ठोकळे रचायला लागली. मोठ्यांना जे समजायला जन्म जातो, ते तिनं एका ठोकळ्यात उरकलं होतं.

स्नेहसंमेलन महिन्यावर आलं होतं, तेव्हा लेकीनं घरी मला ‘मौसी’ अशी हाक मारली. मला गंमत वाटली. “काय गं, मी तुझी मौसी कधीपासून?” मी चिडवलं. तिनं हातावर चिकटवलेला लाल स्टार दाखवला.

“मैडम ने दिया. मी बरोबर म्हटलं म्हणून.”

“काय बरोबर म्हटलंस?”

“शाळेत मौसी, घरी आई. घर की बात घर में रखना.”

साडेतीन वर्षांची पोर. कुठला बूट कुठल्या पायात ते अजून कळत नव्हतं तिला, आणि तिच्याकडे गुपित सांभाळायला दिलं होतं. गुपित म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी बँकेत रजा टाकून मी बाईंकडे गेले. वाटेत स्वतःला समजावत होते, कुणी नवी शिक्षिका असेल, बाईंच्या कानावरही नसेल.

“मीच सांगितलं तसं,” बाई म्हणाल्या. “बस आधी. पाणी घे.”

“कुणी तक्रार केली का?”

“नाही गं. अजून तरी कुणी नाही.”

“मग?”

“संमेलनाला आपल्या मराठी मंडळातली सगळी येणार. आपली माणसं. त्यांच्यासमोर पोर तिला मम्मी म्हणणार आणि तुला आई. कुणाकुणाचं तोंड धरू मी? आणि मौसी काय परकी असते? तुझ्या भल्यासाठीच केलं. फॉर्म बघ, तुझं नाव तसंच आहे.”

मी धास्तावले होते ते दतिया गेटच्या, समथरसारख्या गावांतून येऊन राहिलेल्या हिंदी बोलणाऱ्या पालकांना. त्यांच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता. बाई घाबरल्या त्या आमच्याच माणसांना. अख्ख्या शाळेत ‘आई’ या हाकेचं मोल पुरेपूर कळणारी बाई ती एकटीच, आणि नेमकी तीच हाक तिनं स्टार देऊन सोडायला लावली.

“मला विचारलं का नाहीत?”

“तू चिडली असतीस.”

तेवढं खरं बोलल्या. मी चिडलेच. नको ते बोलले, दार आपटून निघाले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. वाईट याचंच वाटतं, की उंबऱ्यातून निघताना सवयीनं त्यांच्या पाया पडायला वाकणार होते.

लेकीला तिथून काढलं. नव्या शाळेत फॉर्मवर ‘पिता’ आहे, आम्ही तिथं रेघ मारली. त्या शाळेनं मला कसलाच शब्द दिलेला नाही, म्हणून तो मोडायची भीतीही नाही. लेक तिथं रमली. मला वाटलं, विसरली असेल.

गेल्या आठवड्यात आम्ही मायलेकी बाजारात गेलो होतो. पेरूवाल्या काकूंनी एक पेरू तिच्या हातात ठेवला आणि लाडानं विचारलं, “बिटिया, ये कौन हैं तुम्हारी?”

लेकीनं माझी ओढणी ओढली. मी वाकले. तिनं कानात विचारलं, “इथं काय म्हणायचं?”

“आई म्हणायचं,” मी म्हटलं. “इथं, शाळेत, सगळीकडे.”

तिनं म्हटलं. पण म्हणायच्या आधी, मागं कुणी ऐकत नाही ना, ते वळून पाहून घेतलं.